जरीवालीची रेघ

सोमवारी सकाळी चहाचा कप घेऊन ती काचेच्या पेटीपुढे बसली आणि तिला जरीवालीच्या एका पानावरची रेघ मोडलेली दिसली. तुटली नव्हती, मोडली होती. देठापासून सरळ निघालेली सोनेरी रेघ पानाच्या मध्यावर आली, तिथे जराशी खचली आणि पुन्हा वर येऊन टोकापर्यंत गेली. काल असं नव्हतं, असं तिने स्वतःला ठासून सांगितलं. काल ती इथेच, याच स्टुलावर बसली होती आणि हे पान तिने डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं. जरीवाली हे नाव तिनेच ठेवलेलं. रोपवाल्याने सांगितलेलं खरं नाव हातभर लांब होतं आणि ते त्यालाही धड म्हणता येत नव्हतं. जात ऑर्किडचीच, पण फुलांसाठी मिरवणारी नव्हे. हिची सगळी मिजास पानांत. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढं पान, काळपट हिरवं, मखमली, आणि त्यावर सोन्याच्या तारांची बारीक जाळी. उजेड तिरपा पडला की ती जाळी लुकलुकते. हिला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, पाणी जास्त झालं तर सडते आणि कमी झालं तर रुसते. नवऱ्याची माशांची पेटी होती. तो गेल्यावर मासे तिने शेजाऱ्यांना देऊन टाकले आणि रिकामी पेटी बघवेना म्हणून तिच्यात शेवाळ अंथरून ही आणून ठेवली. सात वर्षं झाली. एका दांडीच्या सहा झाल्या. मुलगी म्हणायची, आई, तू माझ्याकडे एवढ्या निगुतीने कधी बघितलं नाहीस. चेष्टेनेच म्हणायची, पण म्हणायची.

तिने कप खाली ठेवला, बाहीने काच पुसली. रेघ खचलेलीच. तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली आणि ती पाल रोगाची होती, कारण रोपवाल्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं: "पानाच्या रेघा वेड्यावाकड्या व्हायला लागल्या ना ताई, की समजायचं आत रोग शिरला. औषध नाही त्याला. बाकीच्यांना लागायच्या आत कापायचं आणि घराबाहेर टाकायचं. जीव लावू नका." जीव लावू नका म्हणे. सात वर्षं रोज सकाळी जिच्यापुढे चहा प्यायला, तिला जीव लावू नका. तिने मुलीला फोन लावला. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला तलावावर लहान पोरांना पोहायला शिकवते; तीन महिन्यांपूर्वी तिथेच जवळ खोली घेऊन वेगळी राहायला गेली. जाताना भांडण वगैरे काही नाही, उलट फारच शहाण्यासारखं सगळं झालं आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला. फोनच्या पडद्यावर मुलीचे नुकतेच धुतलेले, ओले केस दिसले. "दाखव," मुलगी म्हणाली. तिने फोन पानाजवळ धरला. "आई, पान मस्त आहे. रेघा सरळ आहेत." "मधे बघ, मधे खचलीय." "कुठे? नाही खचलेली. तू उगाच डोक्यात घेऊ नकोस. आणि पुढच्या सोमवारी येतेय मी, माझ्या दोन दांड्या तयार ठेव, कबूल केलंयस." "तुला फोनवर नाही दिसायचं," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलंय. कुठे ते आठवलं नाही. आठवायचं नव्हतं म्हणा.

मंगळवारी दुकान. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, एकोणतीस वर्षं. मागच्या बाजूला पडदा लावलेली अंधारी खोली, खुर्ची, समोर अक्षरांची उजळलेली पाटी, आणि तिचा आवाज: हे बरं की ते बरं, आता हे की ते. लोक घाबरतात या प्रश्नाला. परीक्षेत नापास होऊ असं त्यांना वाटतं, आणि ती सांगते, यात चूक काही नसतं, दिसतं ते सांगा. बाहेरच्या टेबलावर चष्म्याचा नंबर बघायचं यंत्र आहे, एका डोळ्याने आत डोकवायचं. आत हिरव्या रेघांची फुली दिसते, ती नीट जुळवायची. ती नेहमी उजव्या डोळ्याने बघते. मंगळवारी फुली जुळेना. आडवी रेघ मधेच पोटात गेल्यासारखी दिसायची. तिने चाक फिरवलं, भिंग फडक्याने पुसलं, पुन्हा बघितलं. "मालक, हे यंत्र दुरुस्तीला द्या. रेघ खचतेय." मालकाने येऊन डोळा लावला, चाक इकडे तिकडे केलं. "ठणठणीत आहे की." "खचतेय, मी सांगते ना." "बरं बाई, देऊ," मालक म्हणाले. एकोणतीस वर्षं एकत्र काम केल्यावर माणसं वाद घालत नाहीत, देऊ म्हणतात आणि देत नाहीत. उरलेला दिवस तिने डाव्या डोळ्याने यंत्र बघितलं. का, ते स्वतःला विचारलं नाही. मालकांनी मात्र पाहिलं. "आज डावखुऱ्या झालात की काय?" म्हणाले, आणि हसले, आणि तीही हसली.

आता इथे कुणीही म्हणेल की जी बाई रोज पन्नास डोळे तपासते तिला एवढंही कळू नये का. कळलं नव्हतं असं नाही. पण कळणं काही एकदम होत नाही. आपल्या घरातही एखादी खोली असते जिचं दार आपण रोज बंद ठेवतो आणि आत काय आहे ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं. संध्याकाळी घरी येऊन ती पेटीपुढे बसली तेव्हा रोग दुसऱ्या पानावर गेलेला होता. आणि तिसऱ्या. ज्या पानाकडे बघावं त्याच्या मधोमध रेघ खचलेली, आणि ज्याच्याकडे आता बघत नाही ते पान मात्र छान, ठसठशीत. किती झपाट्याने पसरतोय, असं तिच्या मनात आलं. तिने दिवा जवळ ओढला. रोगाचा तिला राग आला, रोपवाल्याचा आला, मुलीचाही आला, दोन दांड्या तयार ठेव म्हणे. रोगट दांड्या कशा देऊ लेकीला.

बुधवारी दुकानातून आल्या आल्या, पदर खोचून, तिने ते काम उरकलं. चाकू गॅसच्या ज्योतीवर धरला, शेवाळ बाजूला केलं, आणि सहाही दांड्या बुडापासून कापल्या. या झाडाची दांडी ठिसूळ असते, भेंडी मोडावी तशी मोडते. कापताना काही आवाजसुद्धा झाला नाही. कापलेल्या तुकड्यांची आतली बाजू तिने बघितली, सडलेली, तपकिरी दिसेल म्हणून. पांढरीशुभ्र होती, रसरशीत. रोग आतून दिसतो असं थोडंच आहे, ती स्वतःशी म्हणाली. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी बांधून ती खाली कचऱ्याच्या पिंपात टाकून आली. मग पेटी धुवायला घेतली. साबणाचं पाणी उडालं आणि डाव्या डोळ्यात गेलं. झोंबला म्हणून तिने तो घट्ट मिटला आणि समोर बघितलं. समोर मोरीची भिंत, पांढऱ्या चौकोनी फरशांची, नवऱ्याने स्वतः उभं राहून बसवून घेतलेली. त्या फरशांच्या रेघा मधोमध खचलेल्या होत्या. तिने नजर वर केली. खचलेली जागा वर आली. नजर डावीकडे नेली, जागा डावीकडे गेली. नळाकडे बघितलं तर नळ वाकला आणि त्याच्या मधे एक राखाडी बोट उमटलं, जणू काचेवर कुणाचा तरी ठसा राहिलाय. मग तिने उजवा डोळा मिटून डावा उघडला, झोंबत असताना उघडला. भिंत सरळ होती. नळ नळासारखा होता. ती तशीच मोरीच्या कडेवर बसली, हातात घासणी, आणि पहिली गोष्ट मनात आली ती डोळ्याची नव्हती. पहिली गोष्ट आली ती अशी की झाडं चांगली होती.

ती पुन्हा खाली गेली. पिंप रिकामं होतं, गाडी येऊन गेलेली.

तेव्हा ते वाक्य आठवलं. तुला नाही दिसायचं. तिची आई म्हणाली होती, सुताराला. ती तेव्हा एकोणीस वर्षांची असेल. आईने एक दिवस जाहीर केलं की स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वाकलीय. वडील म्हणाले, सरळ आहे. आई म्हणाली, वाकलीय, घर खचतंय, तुमचं लक्ष नसतं. चार दिवस तोच घोशा. शेवटी सुतार आला, म्हातारा, शांत माणूस. त्याने ओळंबा सोडला, दोरी स्थिर होईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "बाई, चौकट सुतात आहे." "तुला नाही दिसायचं," आई म्हणाली, "तुझा ओळंबाच वाकडा असेल." सगळे हसले. सगळ्यात जास्त ती हसली, पोट धरून, आणि नंतर मैत्रिणींना सांगून पुन्हा हसली. आईने मात्र ऐकलं नाही. सुताराकडून चौकट तासून घेतली, सरळ होती ती वाकडी करून घेतली, आणि त्यानंतर ते दार कधीच नीट लागलं नाही. थंडीत फटीतून वारा यायचा आणि आई म्हणायची, बघा, तरी मी सांगत होते. पुढे दोन-तीन वर्षांत आई माणसांशी बोलताना त्यांच्या कानाकडे बघायला लागली. समोरच्याचा चेहरा मधोमध पुसला जायचा, म्हणून नजर बाजूला नेऊन कडेने बघायची. हे तिला फार नंतर, हा धंदा शिकताना, पुस्तकात वाचून कळलं. तेव्हा नुसता राग यायचा. "आई, माझ्याकडे बघून बोल ना." "बघतेच आहे," आई तिच्या कानाला सांगायची. मीठ बोटांनी चाचपून घ्यायची, दूध कानाने ऐकून उतरवायची, आणि मरेपर्यंत एकदाही म्हणाली नाही की मला दिसत नाही. दिवे मंद झालेत म्हणायची. छपाई हल्ली वाईट असते म्हणायची. चौकट वाकलीय म्हणायची.

आईच्या वेळी यावर इलाज नव्हता. आता आहे. हेच तर सगळं भय होतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यात, अगदी मधोमध, पाणी झिरपतं, आणि लवकर गेलं तर सुईने औषध देऊन ते थांबवता येतं. उशीर झाला तर तिथे डाग बसतो, तो मग जात नाही. डोळ्यात सुई हे ऐकूनच लोक पांढरे पडतात आणि ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगते, कळतसुद्धा नाही हो, डोळा बधिर करतात. किती जणांना सांगितलं असेल. तिच्या टेबलाच्या वरच्या खणात चौकटी छापलेल्या कार्डांचा गठ्ठा आहे, मधे एक ठिपका. एक डोळा झाका, ठिपक्याकडे बघा, रेघा सरळ दिसतात का सांगा. गुरुवारी तिने तो खण तीनदा उघडला. पहिल्यांदा पेन काढलं, दुसऱ्यांदा स्टेपलर. तिसऱ्यांदा काहीच काढलं नाही. हाकेच्या अंतरावर, रस्ता ओलांडला की डोळ्यांचे डॉक्टर. ती पाठवते त्या पेशंटांमुळे ते तिला ओळखतात, दिसले की हात करतात. उद्या जाऊ, ती म्हणाली. साबण गेला होता, सूज असेल. दोन दिवस बघू. हे दोन दिवस बघू ती लोकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकत आलेली की ते बोलताना ओठ कसे हलतात तेही तिला पाठ होतं.

शुक्रवारी एक निवृत्त हेडमास्तर आले. जुने गिऱ्हाईक, बोलके, सगळ्या जगाची हजेरी घेणारे. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "नंबर वाढलाय बहुतेक. आमच्या इमारतीचे खांब मला हल्ली कंबरेत लचकलेले दिसतात. म्हातारपणी खांबांनाही मस्ती." तिने हसण्याचा प्रयत्न केला. वरचा खण उघडून कार्ड काढलं, त्यांच्या हातात दिलं. "डावा झाका. काय दिसतं?" "चौकटी." "सरळ?" हेडमास्तरांनी कार्ड जवळ आणलं, मग लांब धरलं. "खालच्या बाजूला लाटा आहेत," ते हळूच म्हणाले, पोरगा गृहपाठ केला नाही म्हणून सांगतो तसे. आणि मग तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, शांत, सरावलेला, एकोणतीस वर्षांचा: "सर, हे चष्म्याचं काम नाही. समोर डॉक्टरांकडे जायचं. आत्ता, इथून उठून थेट. उद्या नाही. आठवडा गेला तर नंतर आपल्या हातात काही राहत नाही." "एवढं?" "एवढं." हेडमास्तरांनी चष्मा डब्यात ठेवला, डबा खिशात ठेवला, खिसा वरून चाचपला. दारात वळून म्हणाले, "बाई, तुम्ही आमचे सगळ्यांचे बघता. तुमचे कोण बघतं?" त्यांना काही माहीत नव्हतं, सहज म्हणाले. ती म्हणाली, "माझे छान आहेत." पडद्याच्या फटीतून तिने त्यांना रस्ता ओलांडताना बघितलं. थांबले, दोन्हीकडे बघितलं, गेले. ऐंशीच्या घरातला माणूस, एका सांगण्यासरशी गेला. तिला त्यांचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. मग तिने डावा डोळा झाकून बघितलं, आणि दवाखान्याच्या दारात पोचलेल्या हेडमास्तरांना डोकं नव्हतं.

शनिवार, रविवार तिने मोजण्यात घालवले. काय राहिलं, काय गेलं. डावा झाकून घड्याळाकडे बघायचं: परवा काटे वाकलेले पण दिसत होते, आज मधे ते राखाडी बोट आणि काटे त्याच्या मागे. भीती नुसती डोळ्याची नव्हती. एकदा खुर्चीच्या त्या बाजूला बसलं की झालं, मग ती तपासणारी बाई उरत नाही. मग मुलगी खोली सोडून परत येईल, शहाण्यासारखी, एक शब्द न बोलता, आणि रोज विचारेल आज कसं दिसतंय. आईला आपण कधी विचारलं होतं? एकदाही नाही. रिकाम्या पेटीत शेवाळ अजून ओलं होतं. सवयीने ती त्यावर पाणी फवारत राहिली.

सोमवारी मुलगी आली. तलाव सोमवारी सफाईसाठी बंद असतो आणि चष्म्याचं दुकानही. दारातून आत येतानाच तलावाच्या औषधी पाण्याचा वास आला, आणि तो वास तिला इतका बरा वाटला की ती दारातच थांबून राहिली. मुलीने चपला काढल्या, थेट पेटीकडे गेली आणि उभीच राहिली. "आई, झाडं कुठायत?" "रोग पडला होता. कापली." "सगळी?" "सगळी." "पण मी बघितलं होतं, चांगली होती." "तुला फोनवर—" आणि ती अडखळली. मुलीला रडू येतंय हे तिच्या मानेवरून कळत होतं. लहानपणापासून मान ताठ करायची. पाणी पिते म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिची हाक आली, "आई, हे काय मग?" ती फ्रिजवरचा काचेचा पेला उचलून घेऊन आली. त्यातली दांडी आई साफ विसरून गेली होती. मूठभर शेवाळ आणि त्यात खोचलेला एक तुकडा, वर उपडी बरणी. गेल्या वर्षी पेटी साफ करताना मोडलेला, राहू दे म्हणून ठेवलेला. त्याला चार पानं होती, आणि पानांच्या मधून वर एक लालसर, केसाळ दांडा आलेला, त्यावर फुलं. सात वर्षांत तिने एकही फूल होऊ दिलं नव्हतं. फुललं की ती दांडी थकते, पानं जातात, म्हणून दांडा दिसला रे दिसला की ती खुडायची. मुलगी दरवेळी म्हणायची, एकदा तरी येऊ दे ना, आई. हा फ्रिजवर, कुणाचं लक्ष नसताना, आला होता.

मुलीने पेला टेबलावर ठेवला, बरणी काढली. दोघी समोरासमोर बसल्या. मुलगी फुलाकडे बघत होती आणि ती मुलीकडे. डोकं दुखतंय असं दाखवून तिने डाव्या डोळ्यावर हात धरला. मुलीचे केस होते, हनुवटी होती, मधे काही नव्हतं. नाक, डोळे, तिच्या बापासारखी जाड भुवई, सगळं त्या बोटाखाली. तिने नजर जराशी बाजूला सरकवली, आणि चेहरा कडेने हळूच परत आला, पुसट, पण आला. ती तशीच बघत राहिली.

"आई," मुलगी म्हणाली. "आजीसारखी काय बघतेयस?"

"कशी?"

"माझ्या कानाकडे."

तिने हात खाली घेतला. चहा टाकते म्हणून उठता आलं असतं. दिवा लाव, अंधारून आलंय, असं म्हणता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. त्याऐवजी तिने पेला आपल्याकडे ओढला आणि पुन्हा डावा डोळा झाकला, या वेळी दुखण्याचं नाटक न करता, दुकानात लोकांना झाकायला लावते तसा, तळव्याने, बोटं जुळवून. मध्यावरून नजर जराशी हटवून तिने सगळ्यात वरच्या फुलाकडे बघितलं. पांढरं, मुगाएवढं, आणि एका बाजूला पिळलेलं.

"हे फूल वाकडं आहे का?" तिने विचारलं.

"आहे की. तूच सांगितलं होतंस, यांची फुलं मुळातच वाकडी असतात."

"आणि पान?"

मुलगी पानावर वाकली. बराच वेळ बघत राहिली. या वेळी तिने घाईने उत्तर दिलं नाही.

"पान सरळ आहे, आई. रेघा सरळ आहेत."

"मला वाकडं दिसतंय," ती म्हणाली.

म्हटल्यावर तिला वाटलं होतं की काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. मुलीने पेल्यावर बरणी पुन्हा उपडी घातली, जपून, फुलाला धक्का लागू न देता. मग विचारलं, "कधीपासून?"

"आठवडा झाला."

"डॉक्टर किती वाजेपर्यंत असतात?"

"सातपर्यंत."

सव्वापाच झाले होते. मुलीने आईच्या चपला दाराशी आणून सरळ जोडून ठेवल्या.